प्रयोगातील चल: व्याख्या पाठ, अर्थ हरवलेला

महोदय,

प्रयोगात आपण बदलतो तो स्वतंत्र चल, मोजतो तो अवलंबी चल आणि स्थिर राखतो तो नियंत्रित चल, या व्याख्या विद्यार्थी घडाघडा म्हणतात. परंतु प्रयोग मांडताना आपण नेमके काय बदलत आहोत, काय मोजत आहोत आणि काय जसेच्या तसे राखायचे आहे, हे त्यांना सांगता येत नाही, याचे शिक्षक म्हणून मला मनापासून वाईट वाटते.

लंबकाचेच उदाहरण घ्या. वजनाचा परिणाम तपासण्यासाठी विद्यार्थी त्याच दोऱ्याला लहान गोळ्याऐवजी मोठा, जड गोळा बांधतो, 20 आंदोलनांचा वेळ मोजतो, तो किंचित वाढलेला दिसतो आणि ‘वजन वाढले की आवर्तकाळ (एका आंदोलनाचा वेळ) वाढतो’ असे वहीत लिहून मोकळा होतो. वास्तविक लंबकाची लांबी टांगण्याच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. मोठ्या गोळ्याचा मध्य खाली गेल्याने लांबीही नकळत वाढलेली असते. दोरा तेवढा आखूड केला की फरक नाहीसा होतो. ही चूक मला फार मोलाची वाटते, कारण एक गोष्ट बदलताना बाकीच्या खरोखर स्थिर आहेत ना, हे तपासायला ती शिकवते.

जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सकाने 1747 मध्ये स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग) झालेल्या 12 खलाशांच्या 6 जोड्या केल्या, एरवीचे जेवण व राहण्याची जागा सारखी ठेवली आणि उपचार तेवढा बदलला. म्हणूनच संत्री-लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली, या निरीक्षणाला वजन आले.

प्रात्यक्षिकाच्या वहीत निष्कर्षाआधी ‘काय स्थिर ठेवले आणि ते कसे तपासले’ असा रकाना असावा व त्याला वेगळे गुण द्यावेत, ही विनंती.

– एक विज्ञानशिक्षक