थ्रॉटल पोझिशन सेन्सरची तपासणी न करता आकारलेली बिले आणि सेटिंग करून देण्यास नकार : लेखी तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा व सुटे भाग विभाग

महोदय,

काल संध्याकाळी आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर सव्वीस मिनिटे बोलून काहीही निष्पन्न न झाल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. माझा २०१४ सालचा सीएनजी ट्रक मी पुण्यातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून नवा घेतला, तो आजवर ४ लाख १२ हजार किलोमीटर चालला आहे आणि पहिल्या दिवसापासून तो मी स्वतः चालवतो. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, म्हणजे थ्रॉटल, जिच्यात असते त्या थ्रॉटल बॉडीवर दोन स्क्रूंनी बसणारा तीन पिनांचा थ्रॉटल पोझिशन सेन्सर ही झडप किती उघडली आहे ते इंजिनाच्या संगणकाला (ईसीयूला) कळवतो, हे आपल्याला सांगण्याची वेळ माझ्यावर यायला नको होती. परंतु आपल्या वर्कशॉपने दोन जॉबकार्डे (दुरुस्तीच्या नोंदी) उघडून आणि बंद करूनही त्या सेन्सरला एकदाही व्होल्टेज मोजायचा मीटर लावला नाही.

८ जुलै रोजी मार्केट यार्डातून किराणा माल भरून मी साताऱ्याकडे निघालो होतो. खंबाटकी घाट चढताना, एक्सलेटर एकाच जागी धरलेला असताना, गाडीने अचानक रेस सोडली, क्षणभराने झटका मारून पुन्हा उचलली आणि पुढच्या वळणापर्यंत हेच चार वेळा घडले. मागे भरधाव येणाऱ्या गाड्या असलेल्या चढावर भरलेला ट्रक असा अडखळतो तेव्हा चालकाची काय अवस्था होते, हे वातानुकूलित खोलीतून फोन उचलणाऱ्यांना कळावे, एवढ्यासाठी हा तपशील लिहिला आहे. इंजिनाचा दिवा लागला आणि त्यानंतर गाडी साताऱ्यापर्यंत कमी ताकदीवरच गेली.

९ जुलैला आपल्या वर्कशॉपमध्ये बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी ०१२१ हा कोड आला. हा कोड थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सर्किटचाच आहे. तरीही कोड पुसून टाकण्यात आला, स्पार्क प्लग बदलण्यात आले, थ्रॉटल बॉडी साफ करण्यात आली आणि ६,८५० रुपयांचे बिल माझ्या हातात देण्यात आले. सहा दिवसांनी तोच झटका, तोच दिवा आणि तोच कोड. दुसऱ्या खेपेस मला सांगण्यात आले की सेन्सर सुटा मिळत नाही, पूर्ण थ्रॉटल बॉडी घ्यावी लागेल, आणि तेवढ्याने भागले नाही तर ईसीयू बदलावा लागेल. दोन्हींचा अंदाजे खर्च ऐकून मी गाडी परत घेऊन आलो, तरी ‘तपासणी शुल्क’ म्हणून १,२०० रुपये घेतले गेले. नेमकी कोणती तपासणी केली, हे त्या पावतीवर लिहिलेले नाही.

त्यानंतर हडपसरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने माझ्यासमोर जे केले त्याला पंधरा मिनिटेही लागली नाहीत. त्याने सेन्सरच्या वायरच्या कनेक्टरवर पाच व्होल्ट येतात का ते पाहिले, अर्थिंग बरोबर असल्याची खात्री केली आणि सिग्नलच्या वायरला काट्याचा मीटर लावून थ्रॉटल हाताने हळूहळू उघडला. बंद थ्रॉटलला अर्ध्या व्होल्टच्या आसपास असलेला काटा पूर्ण उघडेपर्यंत साडेचार व्होल्टपर्यंत सलग चढायला हवा. तो पाव थ्रॉटलच्या थोडा पुढे गेला की शून्यावर पडत होता आणि मग पुन्हा वर येत होता. आम्ही हे पाच वेळा करून पाहिले आणि पाचही वेळा काटा त्याच जागी पडला. आतली कार्बनची पट्टी तिथेच झिजली होती, कारण रस्त्यावर चालकाचा पाय सर्वाधिक वेळ तिथेच असतो. तिथे सिग्नल तुटला की पाय काढला असे समजून ईसीयू गॅस कमी करतो आणि गाडी झटका मारते. स्पार्क प्लगचा या सगळ्याशी काय संबंध होता, हे मला लेखी कळवावे.

जो सेन्सर ‘सुटा मिळत नाही’ असे मला सांगण्यात आले, तो आपल्याच अधिकृत सुट्या भागांच्या दुकानात, आपल्या कंपनीच्या खोक्यात, २,३४० रुपयांना मिळाला. त्याची पावती माझ्याकडे आहे. सेन्सर बसवल्यावर घाटातला झटका पूर्ण थांबला. मात्र बंद थ्रॉटलचे नवे व्होल्टेज ईसीयूला शिकवण्याचे सेटिंग आपल्या स्कॅनरशिवाय होत नाही आणि ते न झाल्यामुळे आयडलिंग, म्हणजे पाय न देता चालणाऱ्या इंजिनाचा वेग, सारखे वर-खाली होते. एवढ्याच कामासाठी मी तिसऱ्यांदा वर्कशॉपमध्ये गेलो. ‘भाग आम्ही बसवलेला नाही’ असे सांगून मला फाटकावरूनच परत पाठवण्यात आले.

आता कालच्या फोनविषयी. आपल्या प्रतिनिधीने मला तीन वेळा गाडीचा नोंदणी क्रमांक विचारला आणि तिन्ही वेळा मी तो सांगितला. त्यानंतर फोन ‘वरिष्ठ तांत्रिक अधिकाऱ्यां’कडे देण्यात आला. मी व्होल्टेजचे आकडे सांगू लागताच ते म्हणाले, “काका, मीटर-बिटर आम्हाला सांगू नका. गाडी अकरा वर्षांची झाली.” मी म्हणालो की आठ वर्षांनंतर ट्रकचे फिटनेस दरवर्षी करावे लागते आणि माझी गाडी दरवर्षी पास झाली आहे. त्यावर उत्तर आले, “पास होणं वेगळं. तुमचा ड्रायव्हर एक्सलेटरवर पाय नीट ठेवत नसेल.” ड्रायव्हर मीच आहे, असे मी सांगितले. दोन क्षण शांतता होती. मग ते म्हणाले, “मग काका, आता तुम्हीही आराम करा ना, एक्स्चेंजमध्ये नवी गाडी घ्या, मुलगा चालवेल.” आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर न देता मला विक्री विभागाचा क्रमांक देण्यात आला. बावीस वर्षे मी अवजड वाहन चालवत आहे. घाटात बंद पडू पाहणारी गाडी रस्त्याच्या कडेला सुखरूप घेणाऱ्या माणसाला, त्याने तुमच्या कंपनीचा बिघाड स्वतः शोधून दाखवल्यावर, तुम्ही असे बोलता?

माझ्या वडिलांनी १९९१ मध्ये आपल्याच कंपनीचा पहिला टेम्पो घेतला होता. आमच्या घरात आजवर दुसऱ्या कंपनीची गाडी उभी राहिली नाही, म्हणून हे अधिक लागले.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. नव्या सेन्सरचे सेटिंग विनामूल्य करून द्यावे. अनावश्यक कामाचे ६,८५० रुपये आणि न केलेल्या तपासणीचे १,२०० रुपये परत करावेत. आणि सुटा मिळणारा सेन्सर मिळत नाही असे का सांगितले, याचा लेखी खुलासा द्यावा. पुन्हा सांगतो, त्या सेन्सरला आपल्याकडे एकदाही मीटर लावला गेला नाही. ट्रक व्यवसायासाठी आहे म्हणून मी ग्राहक ठरत नाही, असे उत्तर कृपया पाठवू नये. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मधील स्पष्टीकरणानुसार ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन, आणि काढलेला जुना सेन्सर पुरावा म्हणून सोबत नेईन. तो मी जपून ठेवला आहे.

दोन्ही जॉबकार्डे, बिले आणि सेन्सरच्या पावतीची छायाप्रत जोडली आहे.

आपला,
ट्रकमालक व चालक, पुणे