गड्या, सातवी वही वाचली

प्रिय गड्या,

दीड वर्षात मी तुला एक ओळ लिहिली नाही. तू दोनदा फोन केलास, दोन्ही वेळा 'रात्री करतो' म्हणालो आणि केला नाही. त्याबद्दल जे बोलायचं ते भेटल्यावर बोल, ऐकून घेईन. मी ठीक. आईचे गुडघे तसेच. बाकी सगळे बरे.

आज लिहायला बसलो, कारण परवा रात्री जे झालं ते घरात कुणाला सांगून कळलं नसतं. आपला पीसी आणि नानांची सातवी वही, दोन्ही एकदमच जायची वेळ आली होती.

वह्या स्कॅन करतोय हे ताईकडून समजलं असेलच. एकूण चौदा. पेन्सिलीच्या टिपा पुसट झाल्यात म्हणून ६०० डीपीआयला, रंगीत. सातवीचं शेवटचं पान झालं, सगळ्या पानांची पीडीएफ करायला लावली आणि पीसी हँग झाला. कॅबिनेटमधून टक्, टक्, मग शांत, मग पुन्हा टक्. शेवटी बटण दाबून बंद केला. परत चालू झाला, पण अकरा पानं काही केल्या उघडेनात. हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो स्मार्ट अहवाल काढला, तर 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर जिथे शून्य असायला हवं तिथे दोन आकडी संख्या. तेवढ्या जागा डिस्कला धड वाचताच येत नाहीयेत. डिस्क आजवर चालली ते तास पस्तीस हजारांच्या वर.

सातवी म्हणजे कोणती, हे तुला सांगायला नको. तीच वही पुन्हा काचेवर पालथी घालावी लागली. हात कापत होते. अकराच्या अकरा पानं मिळाली, पण शिवण उसवून दोन पानं सुटी झाली. आता सगळी स्कॅन बाहेरच्या दोन डिस्कांवर आहेत आणि एक प्रत ताईकडे. सुटलेली पानं मात्र सुटलीच.

आणि ती डिस्क माझ्या हट्टाची. २०१४ साली तू कानीकपाळी ओरडत होतास, की एक टीबी काय करायचीय, पाचशे जीबीची घे, उरलेल्या पैशात छोटी एसएसडी (तबकडीऐवजी चिपांवर साठवणारी डिस्क) टाक, आणि मदरबोर्ड रॅमच्या चार स्लॉटचा घे. मी एच८१ बोर्ड घेतला, दोन स्लॉटवाला. 'मला आठ जीबी जन्मभर पुरेल' असंही म्हणालो होतो. तू पंधरा दिवस बोलला नाहीस. तुझं बरोबर होतं. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, निदान तू न बोलावता असेंबल करायला आलास त्या रात्री तरी. त्या रात्रीचं अजून हसू येतं बघ. पंखे फिरतायत, मॉनिटर काळा. तू रॅमवर संशय घेऊन सहा वेळा काढली-लावली, मी प्रोसेसर मेला म्हणून बसलो, आणि ताई झोपेतून उठून येऊन म्हणाली, "ही चार पिनांची वायर कुठे जाते रे?" प्रोसेसरला वीजच दिली नव्हती आपण!

आता खरं विचारायचंय ते. काय बदलू आणि काय ठेवू?

आधी मी दोन दिवस नुसतं मोजत बसलो. वेळ जातो कुठे ते बघितल्याशिवाय काही घ्यायचं नाही असं ठरवलं. उघडी वही पालथी घातली की जवळपास ए-४ आकार होतो. ६०० डीपीआयला ते साडेतीन कोटी पिक्सेल, एकेकाला तीन बाइट, म्हणजे उघडलेलं एक स्कॅन मेमरीत शंभर एमबीच्या वर. अशी वीस-पंचवीस उघडली, बाजूला ब्राउझर आणि शब्दसूचीची एक्सेल शीट असली, की आठ जीबी संपतात. मग विंडोज मेमरीतलं उचलून डिस्कवर ठेवायला लागतं, आणि तिथे सगळं अडतं. ७२०० आरपीएमची तबकडी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत घेते, त्यात हेड सरकायचा वेळ. सुटे तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभरेक वेळा, त्यापुढे तिची मजल नाही. एसएसडीला तेच काम हजारो वेळा जमतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर २५. मी प्रोसेसरला निवांत समजून खूश झालो होतो. मग प्रोसेसरच्या चार कोअरचे वेगवेगळे आलेख उघडले तेव्हा कळलं, की चारातला एक पूर्ण पिळला जात असतो आणि तीन बसून असतात, म्हणून सरासरी २५ दिसते. पीडीएफ करताना हे असं. नानांच्या छापील लेखांचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, लावलं की मात्र चारही कोअर शंभरावर जातात.

म्हणजे डिस्क, रॅम आणि प्रोसेसर असे रोग तीन आहेत आणि औषधं एकमेकांच्या आड येतात.

साटा एसएसडी (जुन्या डिस्कच्याच वायरीवर चालणारी) तर लगेच घ्यायची, त्यात वाद नाही. जुन्या बोर्डावर पळेल, उद्या नव्यावरही लागेल. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी जास्त वेगवान हे माहीत आहे, पण ती बसवायची एम.२ची जागा या बोर्डाला नाही, आणि कार्ड लावून बसवली तरी जुना बायॉस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) तिच्यावरून बूट होत नाही. अडतं ते रॅमपाशी. दोन्ही स्लॉटमध्ये चार-चारच्या पट्ट्या आहेत. सोळा करायचे तर त्या काढून आठच्या दोन घ्यायच्या, डीडीआर३ म्हणजे जुन्या पिढीच्या, त्याही बहुधा वापरलेल्या. आणि सोळा हीच एच८१ची सीमा. पुढे बोर्ड बदलला की त्या पट्ट्यांचा काही उपयोग नाही, खाचच वेगळ्या जागी असते. प्रोसेसरचंही तसंच. आय५-४५९०च्या जागी जुना आय७-४७९० बसेल, वॅटही तेवढेच, ८४. चार कोअरचे आठ थ्रेड झाले, म्हणजे एकाच वेळी आठ कामं घेता आली, की ओसीआर सुधारेल. पण पीडीएफचं एकट्या कोअरचं काम? ३.७च्या जागी ४ गिगाहर्ट्झ. तेवढ्यासाठी वापरलेला प्रोसेसर घेणं मनाला पटत नाही.

त्यात विंडोज. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. नोंदणी करून वाढीव सुरक्षा अपडेट घेतोय, ते ऑक्टोबर २०२६पर्यंत. ११ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आपली पिढी चौथी. युक्त्या करून चढवता येतं, पण नानांच्या वह्या ज्या यंत्रावर आहेत तिथे मला युक्त्या नकोत. लिनक्स म्हणशील. माझं मन झालं होतं, पण पानं लावायचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, आणि नानांच्या टाइप केलेल्या जुन्या फाइली बिगर-युनिकोड फॉन्टातल्या. त्या उलगडायचं सगळं सामानही तिकडेच.

तेव्हा बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही नवं, या निष्कर्षाला आलोय. प्रोसेसर सहा कोअर-बारा थ्रेडचा पुरे, त्याहून जास्त माझ्या कामाला लागत नाही. ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नाही, तर चित्र प्रोसेसरमधूनच यायला हवं. इथे एक अक्षर बघून घ्यावं लागतं. आय५-१२४००मध्ये ग्राफिक्स आहे, १२४००एफमध्ये नाही. एएमडीच्या रायझन ५ ५६००जीमध्ये आहे, नुसत्या ५६००मध्ये नाही. दोन्हींना डीडीआर४ चालते (१२४००चे डीडीआर५वाले बोर्डही असतात, ते नीट बघून घ्यायचं). की एएमडीचा नवा सॉकेट, एएम५ घेऊ? तिथे फक्त डीडीआर५, आणि मेमरीचे भाव २०२५च्या अखेरीपासून असे चढलेत, की बत्तीस जीबीचा विचार करताना छाती दडपते. पण त्याआधीचा एएम४ सॉकेट २०१६ला आला आणि २०२४मध्येही त्याच्यावर बसणारे नवे प्रोसेसर निघाले. एएम५लाही २०२७पर्यंत आणि पुढे सांभाळू असं एएमडीने म्हटलंय. मागच्या वेळी मी आजचं बघितलं आणि तू पुढचं. या वेळी मला पुढचं बघायचंय, पण सात वह्या अजून बाकी आहेत आणि त्या आत्ता करायच्यात. सोळा जीबीची एकच पट्टी घेऊन थांबायचं आणि दुसरा स्लॉट रिकामा ठेवायचा, की दोन आठच्या पट्ट्या लावून ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्हींतून एकदम वाचणं, घ्यायचं? ग्राफिक्स त्याच मेमरीतून खाणार म्हणून मला दोन पट्ट्या बऱ्या वाटतात. चार स्लॉटचा बोर्ड घेतला तर दोन्ही साधतं. हे लिहिताना तुझा आवाज ऐकू येतोय.

कॅबिनेट ठेवतोय. एसएमपीएस, म्हणजे वीज देणारा डबा, बदलणार. चालतोय अजून, पण बारा वर्षांचे कपॅसिटर आहेत आणि नव्या बोर्डाला प्रोसेसरसाठी आठ पिनांची वायर लागेल. ताईला आधीच सांगून ठेवलंय.

जुना बोर्ड टाकवणार नाही माझ्याच्याने. प्रोसेसरवरची पेस्ट तू बोटाने लावली होतीस, ती अजून तशीच आहे, वाळून खडू झालेली.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीचा निकाल लागला का? वहिनींना नमस्कार सांग. खरंच सगळं सविस्तर कळव, मला हवंय ते.

एसएसडी उद्या आणतोय, तेवढ्याला तुझी परवानगी गृहीत धरली. बाकीच्याला तू सांगितल्याशिवाय हात लावत नाही. एएम५ की १२४००, एवढं दोन दिवसांत लिही. आणि जोडायला ये. तुझा लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर त्या रात्रीपासून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे.

तुझाच,
मी