तुमच्या ‘खुशखबरी’चे फोन बंद करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक कर्ज विभाग

विषय: कर्ज फिटल्यानंतरही माझ्या मोबाईलवर येणारे जाहिरातीचे फोन कायमचे बंद करण्याबाबत

महोदय,

तुमच्या कंपनीकडून आम्ही हप्त्यांवर फ्रीज घेतला होता. सगळे हप्ते वेळेवर भरले, खातं बंद झाल्याचं एनओसी तुम्हीच दिलं. तरीही पर्सनल लोन, टॉप-अप, कार्ड यांसाठी तुमच्या लोकांचे फोन सुरूच आहेत. जाहिरातीचे फोन येऊ नयेत म्हणून असलेल्या डीएनडी यादीत मी नंबर नोंदवला. तुमच्या ग्राहक सेवेकडे तक्रार केली, तर ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे’ असा मेसेज आला आणि पाठोपाठ पुन्हा कर्जाचा फोन आला. शेवटी एका सुपरवायझरनी सांगितलं, “मॅडम, नको असेल तर उचलू नका.”

तेच मला शक्य नाही. का, ते तुम्हाला कळावं म्हणून हे पत्र लिहिते आहे.

माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस. मी माझी किडनी देणार होते. तपासण्यांत मलाच मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं. सासूबाई तयार होत्या, पण त्यांचं वय आणि रक्तदाब आड आला. तेव्हा ह्यांचं नाव बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात, मृत दात्याकडून मिळणाऱ्या किडनीच्या प्रतीक्षा यादीत घातलं. त्या अर्जावर संपर्कासाठी पहिला नंबर माझा आहे. तुमच्या यादीत आहे तोच.

हा फोन कधी येईल ते कोणीच सांगू शकत नाही. कुठल्यातरी आयसीयूत एखाद्या रुग्णाचा मेंदू मृत झाल्याचं डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासून ठरवतं. मग त्याच्या घरच्यांनी, त्या अवस्थेत, हो म्हणायचं. रक्तगट जुळायला हवा, क्रॉस-मॅच, म्हणजे दात्याची किडनी रुग्णाचं शरीर लगेच नाकारणार नाही ना ही रक्ताची तपासणी, निगेटिव्ह यायला हवी. गोवा एवढंसं राज्य, असं दान इथे वर्षभरात मोजकंच होतं. काढलेली किडनी जितक्या लवकर बसेल तितकं बरं, म्हणून फोन लागला नाही तर यादीतल्या पुढच्या रुग्णाला बोलावतात. ते योग्यच आहे, तोही कोणाचा तरी नवरा किंवा मुलगा असतो. फोन हॉस्पिटलच्या लँडलाईनवरून येईल, कोऑर्डिनेटरच्या मोबाईलवरून येईल, नाहीतर एखाद्या डॉक्टरच्या. म्हणून अनोळखी नंबर ब्लॉक करता येत नाही, फोन सायलेंटवर टाकता येत नाही, आणि तुमचा माणूस बोलत असताना लाईन अडलेली राहते ती वेगळीच.

खरा फोन आम्हाला एकदा आला होता. रात्री उशिरा. “उपाशी ठेवा आणि लगेच निघा, पण तुम्ही बॅकअप आहात,” असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. बॅकअप हा शब्द आम्ही कोणी नीट ऐकूनच घेतला नाही. लेकानं गाडी काढली. वाटेत हे म्हणाले, “बरा झालो की पोटभर पाणी पिणार.” दिवसाला जेमतेम लिटरभर पाण्यावर राहणाऱ्या, शहाळं कायमचं बंद झालेल्या माणसाचं हे मागणं. पहाटे कळलं की दुसऱ्या रुग्णाची क्रॉस-मॅच जुळली. आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी हे डायलिसिसला जायलाच तयार नव्हते. लेक दोन दिवस कोणाशी बोलला नाही. सासूबाईंनी देवाजवळ दिवा लावला, पण मागणं काय मागायचं हेच त्यांना कळेना. आपल्याला फोन यावा म्हणजे कोणाच्या तरी घरी माणूस जावा, असं मागितल्यासारखं होतं, म्हणतात. अजूनही त्या नुसता दिवा लावतात.

अशा घरात तुमचे फोन येतात. तुमच्या माणसांना बहुधा पहिलं वाक्य पढवलेलं आहे: “मॅडम, आपके लिए एक खुशखबरी है.” गणेश चवथीच्या दिवशी, गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली आरती चालू असताना अनोळखी नंबरावरून फोन आला. टाळ थांबले. मी उचलला आणि हे वाक्य ऐकलं. माझा चेहरा बघून हे पाटावरून उठून उभे राहिले, त्यांना वाटलं आला. प्री-अप्रूव्ड कर्ज होतं. आरती पुढे सुरू झाली, पण हे आत जाऊन पडले ते नैवेद्यालाही बाहेर आले नाहीत.

फोन करणाऱ्या मुलामुलींवर माझा राग नाही. एका मुलीला मी सगळं सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, “ताई, मी नोंद करते, पण लिस्टमधून नाव काढायचा अधिकार आम्हाला नाही.” तो अधिकार तुम्हाला आहे. राग आहे तो एवढ्याचसाठी, की नाव काढायला तुम्हाला काही मिनिटं लागतील आणि तुम्ही ती देत नाही.

ग्राहक सेवेचं म्हणणं असं की मी जुनी ग्राहक असल्यानं माझी संमती आहे. कर्जासाठी दिलेली संमती कर्जाबरोबर संपली. तुमच्या कागदांत आणखी काही उरली असेल तर ती मी या पत्रानं मागे घेते. शिवाय ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, जाहिरातीच्या फोनसाठी 140 नं सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. तुमचे फोन साध्या दहा आकडी मोबाईलवरून येतात. माझ्या कॉल-नोंदींचे फोटो सोबत जोडले आहेत.

माझा नंबर तुमच्या आणि तुमच्या सगळ्या एजन्सींच्या याद्यांमधून काढा. तो कोणाकोणाला दिला ते कळवा. माझ्यासारखे आणखी किती असतील. डायलिसिस सेंटरमध्ये आमच्याबरोबर बसणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना असेच फोन येतात. म्हणून ‘हॉस्पिटलच्या फोनची वाट पाहतोय’ असं कोणी सांगितलं, तर त्याच कॉलवर नाव काढायची सोय तुमच्या माणसांना द्या.

तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाईन.

उत्तर लेखी द्यावं, पोस्टानं किंवा ईमेलनं. कृपया फोन करू नये.

आपली,
एक माजी कर्जदार
डिचोली, गोवा