मॉलमधला गाळा घेण्याआधी

पुणे,
दि. 9 नोव्हेंबर 2025

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तयार कपड्यांच्या एका नावाजलेल्या ब्रँडची फ्रँचायझी घेऊन तुमच्याकडच्या मॉलमध्ये दुकान थाटण्याचा तुझा विचार आहे, आणि मॉलमधून एकेक करून निघून गेलेली ब्रँडेड दुकाने तिथे पुन्हा येतील का, आली तर टिकतील का, असे तू विचारले आहेस. माझी उमेदीची वर्षे याच धंद्यात गेली आणि तू यात आयुष्यभराची पुंजी घालायला निघाला आहेस, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे असे मला वाटत नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. दुकाने परत येतील, किंबहुना येऊ लागलीच आहेत. परंतु ती मोजक्याच मॉलमध्ये येत आहेत, आणि एखादा मॉल त्या मोजक्यांत बसतो की नाही हे त्याची मालकी कोणाकडे आहे आणि भाडेकरारात काय लिहिले आहे यावरून ठरते. ब्रँडचे नाव त्यानंतर येते.

मुंबईचेच उदाहरण घे. हाजीअलीजवळचा क्रॉसरोड्स हा मॉल 1999 मध्ये उघडला, तेव्हा तो नुसता पाहायलाच अशी झुंबड उडाली की सुरुवातीला आत सोडण्यावरही निर्बंध घालावे लागले. पुढे तो बिग बझार चालवणाऱ्या फ्यूचर ग्रुपकडे गेला आणि सोबो सेंट्रल या नावाने चालू लागला. 2020 नंतर तो समूहच कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला, मजलेच्या मजले रिकामे झाले आणि 2024 मध्ये थकलेल्या कर्जापोटी ती वास्तू विकली गेली. तिथून थोड्याच अंतरावर, लोअर परळला, 1905 साली सुरू झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारात साधारण त्याच सुमारास एका वेगळ्या प्रयोगाला सुरुवात झाली होती. आधी खेळ आणि करमणूक, मग दुकाने, मग महागड्या ब्रँडचा पॅलेडियम मॉल, असा तो परिसर वाढत गेला आणि आजही तिथे रविवारी गाडी लावायला जागा मिळत नाही. (जिथे साचे चालत होते आणि तीन पाळ्यांत माणसे राबत होती, तिथे आज परदेशी घड्याळांची दुकाने आहेत याची मला मनापासून खंत वाटते, पण तो विषय वेगळा आहे आणि त्यावर तुला स्वतंत्रपणे लिहीन.) या दोन्ही मॉलना दक्षिण आणि मध्य मुंबईचा तोच ग्राहक होता, मोबाइलवरची खरेदी दोघांच्याही वाट्याला सारखीच आली आणि टाळेबंदीही दोघांना सारखीच लागली. तरीही एक ओस पडला आणि दुसरा भरलेला राहिला. म्हणून ‘ऑनलाइनने मॉल बुडवले’ असे कोणी ठामपणे सांगू लागले की माझे त्यावर समाधान होत नाही.

खरे कारण मॉल उभा करण्याच्या पद्धतीत आहे. 2005 च्या आसपास आपल्याकडे अनेक बिल्डरांनी मॉल बांधले आणि बांधकामाचा पैसा लवकर मोकळा व्हावा म्हणून त्यांतले गाळे सुटे सुटे विकून टाकले. कोणी डॉक्टरांनी एक घेतला, कोणी निवृत्त अधिकाऱ्यांनी दोन घेतले, कोणी परदेशातून पैसे पाठवून कोपऱ्यावरचा घेतला. प्रत्येक गाळ्याचा मालक निराळा, आणि जो जास्त भाडे देईल त्याला गाळा द्यायचा एवढेच प्रत्येकाचे धोरण. परिणामी लहान मुलांच्या कपड्यांच्या शेजारी मोबाइल दुरुस्ती, तिच्यापलीकडे विम्याचे कार्यालय आणि त्यापुढे कुलूप, अशी अवस्था झाली. कोणते दुकान कोणाच्या शेजारी असावे आणि कोणते कोणत्या मजल्यावर चालेल, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडेच उरला नाही. नाइट फ्रँक या मालमत्ता सल्लागार संस्थेने 2023 मध्ये देशातल्या 29 शहरांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या आठ मोठ्या शहरांतच 40 टक्क्यांहून अधिक जागा रिकामी असलेली 64 खरेदी केंद्रे आढळली. त्या यादीतले मॉल डोळ्यांपुढे आणले, तर त्यांतल्या पुष्कळांची दुखणी गाळे विकले गेले त्याच दिवशी सुरू झाली होती, असे मी निश्चित म्हणेन.

असा एक मॉल मी मध्यंतरी बुधवारी दुपारी मुद्दाम फिरून पाहिला. तळमजल्यावर एक किराण्याचे मोठे दुकान आणि एक कॉफीचे दुकान चालू होते. दुसऱ्या मजल्याकडे जाणारा सरकता जिना बंद होता आणि त्याच्या तोंडाशी प्लास्टिकची साखळी लावली होती. वीजबिलाचा वाटा निम्मे गाळेवाले भरत नाहीत, म्हणून वरचा एसी बंद ठेवतो, असे तिथल्या सुरक्षारक्षकाने सांगितले. वर एका नामांकित बुटांच्या ब्रँडचे दुकान उघडे होते. आत टेबलफॅन लावून दोघे कर्मचारी रॅकवरची धूळ पुसत होते, आणि उकाड्यामुळे ग्राहक बूट घालून पाहायलाही थांबत नाहीत, असे त्यांतला एक जण म्हणाला. त्या ब्रँडने वा त्या दोघांनी काय चुकीचे केले होते, सांग पाहू?

याउलट जिथे सगळे गाळे एकाच मालकाच्या हातात राहतात आणि भाड्याने दिले जातात, तिथे मालकाचे उत्पन्न दुकानदाराच्या विक्रीशी बांधलेले असते. ठरलेले किमान भाडे किंवा विक्रीतला ठरलेला टक्का, यांपैकी जी रक्कम मोठी ती मालकाला मिळते. तेव्हा दुकान चालावे ही त्याचीही गरज बनते. आपल्या पुण्यातला विमाननगरचा फिनिक्स मार्केटसिटी 2011 मध्ये सुरू झाला आणि त्याच कंपनीने 2023 मध्ये वाकडला मॉल ऑफ द मिलेनियम उघडला. बारा वर्षांनी, महामारीतून बाहेर पडल्यावर, एखादी कंपनी त्याच शहरात आणखी एक मोठा मॉल बांधते, याचा अर्थ ब्रँड तिच्याकडे गाळे मागत आहेत.

टाळेबंदीचाही या बदलात मोठा वाटा आहे. मार्च 2020 मध्ये मॉल बंद झाले, महाराष्ट्रात ते 5 ऑगस्टला चित्रपटगृहे आणि खाण्याची ठिकाणे वगळून उघडले, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. त्या काळात भाड्यावरून मालक आणि भाडेकरू यांच्यात कडाक्याचे वाद झाले. जे मालक विक्रीच्या टक्केवारीवर काही काळ भाडे घ्यायला तयार झाले, त्यांच्याकडे दुकाने राहिली. जे पूर्ण भाड्यावर अडून बसले, त्यांच्याकडची निघून गेली. तुझ्या मॉलमधले ब्रँड नेमके कधी आणि कशामुळे गेले, हे तू तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांना विचार. ब्रँडच्या कार्यालयात हे तुला कोणी सांगणार नाही.

आता ऑनलाइनविषयी. गेल्या काही वर्षांत प्रवाह उलटाही वाहतो आहे, हे तुझ्या लक्षात आले असेलच. चष्म्यांची लेन्सकार्ट, सौंदर्यप्रसाधनांची नायका, दागिन्यांची कॅरटलेन आणि लहान मुलांच्या वस्तूंची आपल्या पुण्याची फर्स्टक्राय, या सगळ्यांनी सुरुवात इंटरनेटवर केली आणि नंतर दुकाने उघडली. चष्म्याची फ्रेम नाकावर बसते की नाही, लिपस्टिकची छटा आपल्या रंगाला शोभते की नाही, हे पडद्यावर कळत नाही. शिवाय परत येणारा माल, त्याची ने-आण आणि जाहिरातीचा खर्च यांत ऑनलाइन विक्रीचा नफा झिजतो. टाटांच्या ट्रेंट कंपनीने 2016 मध्ये सुरू केलेला झुडिओ तर ऑनलाइन विकतच नाही, आणि मार्च 2025 अखेर त्याची 765 दुकाने झाली होती. स्वस्त, ताजे आणि हाताळून घेता येणारे कपडे मिळाले, तर आपला तरुण ग्राहक दुकानात येतो, याचा याहून सबळ पुरावा मला ठाऊक नाही. मात्र झुडिओची कितीतरी दुकाने मॉलबाहेर, रस्त्यालगतच्या इमारतींत आहेत. तुमच्याकडे असे दुकान कुठे आहे आणि ते तुझ्या मॉलपासून किती दूर आहे, हे आधी पाहा. तुझी खरी स्पर्धा बहुधा त्याच्याशीच असेल.

रस्त्यावरची जागा मॉलपेक्षा नेहमीच बरी, असेही नाही. झारा या परदेशी कपड्यांच्या ब्रँडने 2017 मध्ये मुंबईत फोर्टमधल्या शतकभर जुन्या इस्माईल बिल्डिंगमध्ये भव्य दुकान उघडले होते. ते 2025 च्या सुरुवातीला बंद झाले, आणि पॅलेडियममधले दुकान मात्र चालू राहिले.

अमेरिकेतल्या ओसाड मॉलच्या बातम्या वाचून तू धास्तावला आहेस, पण त्या इथे जशाच्या तशा लागू करू नकोस. तिथे माणशी जितकी दुकानांची जागा आहे, तिच्या अंशानेही आपल्याकडे नाही, आणि तिथली पडझड मुख्यतः सिअर्स, जेसी पेनी यांसारख्या प्रचंड डिपार्टमेंट स्टोअरची आहे. तिथलेच बार्न्स अँड नोबल हे पुस्तकांचे दुकान 2019 मध्ये मालकी बदलल्यावर सावरले, नव्या शाखा काढू लागले. त्यांनी केलेला महत्त्वाचा बदल असा, की कोणती पुस्तके मांडायची हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या शाखेला दिला. आपल्याकडच्या ब्रँडना हे अजून पचलेले नाही. मुंबईत किंवा बंगळुरूत बसलेला माणूस तुझ्या दुकानात कोणता माल यायचा ते ठरवतो, आणि मग मे महिन्यात, लग्नसराईत, तुझ्या गिऱ्हाइकाला हवा असलेला कुर्ता सोडून ढीगभर जॅकेट येऊन पडतात. मागवायच्या मालातला निदान तिसरा हिस्सा निवडण्याचा हक्क तुला मिळतो का, हे ब्रँडला स्पष्ट विचार.

हिशेबाकडे वळतो. उदाहरणादाखल धर की गाळा 1,500 चौरस फुटांवर आकारला आहे, भाडे फुटाला 120 रुपये आणि सामाईक जागेच्या देखभालीचा आकार, म्हणजे ‘कॅम’, 25 रुपये. म्हणजे महिन्याला 2,17,500 रुपये झाले, जीएसटी वेगळा. प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा यापेक्षा बरीच कमी असेल, तेव्हा मोजपट्टी घेऊन स्वतः मोज. कपड्यांच्या दुकानात जागेचा एकूण खर्च विक्रीच्या 15 टक्क्यांवर गेला की पुढचे गणित आतबट्ट्याचे होते, असे माझे मत आहे. त्या हिशेबाने महिन्याची विक्री साडेचौदा लाख हवी. सरासरी बिल 2,000 रुपयांचे धरले, तर रोज सुमारे 24 बिले झाली पाहिजेत, आणि आत येणाऱ्या चारांपैकी एक जण खरेदी करतो असे मानले, तर रोज शंभराच्या घरात माणसे दुकानाचा उंबरठा ओलांडायला हवीत. शनिवार-रविवार सोड, मंगळवारी आणि बुधवारी त्या मॉलमध्ये उभा राहा आणि तुझ्या गाळ्यासमोरून किती जण जातात ते मोज. मॉलचे व्यवस्थापन दाखवेल तो आकडा मुख्य दरवाजाचा असतो आणि त्यात सिनेमाला आलेलेही धरलेले असतात.

ब्रँडशी करार करताना तीन गोष्टी अजिबात सोडू नकोस. न खपलेला माल परत घेण्याची अट लेखी असू दे, नाहीतर हंगामअखेरच्या सेलचा भुर्दंड तुझ्या माथी येईल. तुझ्या दुकानात पूर्ण किमतीला टांगलेला शर्ट त्याच आठवड्यात त्यांच्या ॲपवर निम्म्या किमतीत मिळणार असेल, तर गिऱ्हाईक टॅगचा फोटो काढून निघून जाईल. तेव्हा दोन्हीकडे एकच किंमत राहील हे लिहून घे. आणि ऑनलाइन मागवलेला माल तुझ्या दुकानातून पाठवला किंवा तुझ्या दुकानात बदलून दिला, तर त्याचे कमिशन तुला मिळाले पाहिजे.

दुकानाच्या आतल्या गोष्टींबाबत मी एकाच गोष्टीचा आग्रह धरीन, तो म्हणजे ट्रायल रूम. दुकानाचे नकाशे काढणारे लोक रॅक वाढवण्यासाठी ती आक्रसून टाकतात, दिवा थेट डोक्यावर लावतात आणि बाहेर बसायला साधे बाकही ठेवत नाहीत. रविवारी संध्याकाळी अशा दुकानात जाऊन पाहा. पाच-सहा जण कपड्यांचा ढीग हातावर घेऊन रांगेत असतात, आत गेलेल्या मुलीला एक माप मोठे हवे असते आणि ते आणून द्यायला कोणी नसते, बाहेर तिची आई पायावर पाय बदलत उभी असते, आणि थोड्या वेळाने दोघी सगळे कपडे तिथल्याच खुंटीवर टांगून निघून जातात. कोणतेही ॲप देऊ शकणार नाही अशी जी एकमेव सोय दुकानाकडे आहे, तिचीच ही आबाळ मला पाहवत नाही. चार खोल्या ऐसपैस ठेव, समोरून प्रकाश दे, आणि तुझी सर्वांत जाणती कर्मचारी गल्ल्यावर न बसवता तिथे उभी कर. तिला पगारही चांगला दे. या धंद्यात मुले वर्षभरही टिकत नाहीत, कारण बारा-बारा तास उभे राहून हातात येणारी रक्कम घरभाडे आणि प्रवास यांतच संपते.

तुझ्या मॉलबद्दल मला एवढेच कळले, की मालकी अलीकडे बदलली आहे आणि नवीन मालक विकलेले गाळे परत विकत घेऊ पाहत आहे. हे खरे असेल आणि निम्म्याहून अधिक गाळे त्याच्या हाती आले असतील, तर मी तुला ‘पुढे जा’ म्हणेन, मात्र लॉक-इनचा, म्हणजे गाळा सोडता येणार नाही असा, काळ शक्य तितका कमी ठेवून, आणि अँकर दुकान (ज्याच्यामुळे मॉलला गर्दी होते ते मोठे दुकान) किंवा मल्टिप्लेक्स बंद पडल्यास भाडे आपोआप टक्केवारीवर येईल अशी अट घालून. गाळे अजून विखुरलेलेच असतील, तर ब्रँड कितीही मोठा असला तरी तिथे हात घालू नकोस; त्याच पैशांत मुख्य बाजारपेठेत छोटे दुकान बघ.

टोकनची रक्कम देण्यापूर्वी करारनाम्याचा मसुदा आणि मॉलच्या गाळ्यांची मालकीनिहाय यादी मला पाठव. मी दोन्ही नीट वाचून समासात टिपणे करून परत पाठवीन, आणि हवे असल्यास तुझ्याबरोबर मालकाला भेटायलाही येईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत