विषय: ऑटो-स्टिअरिंग संचाची साठवलेली लाइन सरकून ठिबकच्या लॅटरल नळ्या तुटल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल संध्याकाळी आपल्या मदत केंद्राशी जे बोलणे झाले, त्यानंतर फोन करणे मी थांबवले आहे. यापुढे जे काही होईल ते लेखीच होईल.

आपला आरटीके संच, म्हणजे उपग्रहांच्या आधारे ट्रॅक्टर आपोआप अचूक ओळीत चालवणारा संच, बसवलेल्या ट्रॅक्टरने आम्ही उसासाठी पाच-पाच फुटांवर ठिबकच्या लॅटरल वीतभर खोल पुरल्या आणि ती ए-बी लाइन (दोन बिंदूंमधली ठरवलेली सरळ ओळ) स्क्रीनमध्ये साठवली. दुसऱ्या दिवशी बेस स्टेशन (एका जागी उभे राहून ट्रॅक्टरला स्थानाची दुरुस्ती पाठवणारे यंत्र) पुन्हा चालू करून, तीच लाइन उघडून लॅटरलच्या शेजारून सरी सोडायला घेतली, तर सरी थेट लॅटरलवरूनच गेली. रेजरच्या फाळाला काळ्या नळीचे तुकडे गुंडाळून वर आले तेव्हा ते कळले, कारण पुरलेली नळी वरून दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणूनच तर हा संच घेतला होता. स्क्रीनवर सगळा वेळ ‘फिक्स’, म्हणजे स्थान अचूक मिळत असल्याची खूण, होता.

यावर आपल्या कर्मचाऱ्याचे उत्तर होते, “फिक्स दिसतोय म्हणजे मशीन बरोबर आहे, तुमची नळीच सरकली असेल.” पाण्याचा थेंबही सोडलेला नसताना, एका रात्रीत, जमिनीखालच्या सगळ्या नळ्या एकाच बाजूला सारख्याच दीड फुटाने कशा सरकतील, असे मी विचारले. त्यावर “ड्रायव्हर किती शिकलेला आहे?” असा उलट प्रश्न आला, आणि मी उत्तर देण्याआधीच होल्डवर टाकलेला फोन तसाच तुटला. ज्या माणसाच्या हाताखाली आमची सगळी मशागत होते, त्याचे शिक्षण काढण्याचा अधिकार आपल्या कर्मचाऱ्याला कोणी दिला?

दोष कुठे आहे हे आपल्याला ठाऊक असायलाच हवे. बेस चालू होताना उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थानांची काही मिनिटांची सरासरी काढून स्वतःचे स्थान नव्याने ठरवतो, आणि असे काढलेले स्थान मीटरभर इकडेतिकडे होऊ शकते. ते जितके सरकते तितकीच जुनी लाइनही सरकते. बेसची जागा पक्की करून तिचे अक्षांश-रेखांश कायमचे भरून ठेवले की हे टळते. बसवणीला आलेल्या आपल्या माणसाने ते केले नाही आणि आम्हाला सांगितलेही नाही, तरी माहितीपत्रकात ‘हंगामभर त्याच ओळीवर अडीच सेंटिमीटर’ असे छापलेले आहे.

संच पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आपल्या कंपनीचे नाव विश्वासाने सांगत आलो. आता ते सांगवत नाही. लागणीचा वाफसा निघून चालला आहे. पंधरा दिवसांत जाणकार अभियंता पाठवून बेस पक्का करावा, लॅटरलची भरपाई द्यावी आणि ‘नळी सरकली असेल’ या उत्तराचा लेखी खुलासा करावा. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. तुटलेल्या नळ्या आणि स्क्रीनची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

आपला ग्राहक,
तालुका वाळवा, जिल्हा सांगली