माहितीदाता क्र. ४

सिल्लोड

चि. माय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण दोनदा वाचलं. एकदा मनातल्या मनात, एकदा तुझ्या आईला मोठ्यानं. त्यात मी ‘माहितीदाता क्र. ४’ आहे हे ऐकून ती इतकी हसली की चहा उतू गेला. चाळीस वर्षं बोर्ड रंगवले, फ्लेक्स आल्यावर ब्रश खुंटीला टांगले, आणि नंबर मिळाला तोही चौथा!

खरं सांगतो, तू पीएच.डी.ला नाव घातलंस तेव्हा मला राग आला होता. हातात ब्रश असलेल्या पोरीनं कोर्सवर्क आणि सिनॉप्सिसमागं का धावावं? फिनलंडात, इंग्लंडात चित्रं आणि त्यासोबतचं लिखाण मिळून प्रबंध धरतात, हे तूच सांगितलंस. तुझ्याकडं मात्र बांधलेलं बाडच मागतात. दोन वर्षांत तू एकही चित्र पुरं केलं नाहीस. बोललो नाही, पण मोजत होतो.

मग एकदा फोनवर तू चपडीचं, म्हणजे स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेच्या वार्निशाचं, विचारलंस. निजामानं १९२० साली इटलीहून माणसं आणून अजिंठ्याची चित्रं दुरुस्त करून घेतली, त्यांनी वरून चपडीचा हात दिला आणि पुढं तो पिवळा पडला, असं वाचून आली होतीस. मी म्हणालो, पडणारच की. पांढऱ्या अक्षरावर चपडी मारली की दोन उन्हाळ्यांत अक्षर हळदीचं होतं, आमच्याकडं शिकाऊ पोरालाही ठाऊक. तू लगेच, “कशावरून, बाबा? किती हात दिले होते? स्पिरिट किती?” मला जन्मभर गिऱ्हाइकानं फक्त भाव विचारला. त्या रात्री झोप लागली नाही. प्रमाण मी कधी मोजलंच नव्हतं. बोटाला चिकटली की झाली, एवढंच.

आणि ती गोठ्यामागची भिंत, जिच्यावर तू जुन्या लेण्यांसारखा गिलावा करून पाहिलास. दोन-दोन फुटांचे तीन चौकोन. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे धागे सापडले, म्हणून तिथं किड्यांचा त्रास कमी. अजिंठ्याच्या गिलाव्यात ते नाहीत, तिथं किड्यांनी खाल्लं. भांग आणली असती तर आधी पोलीस आले असते, म्हणून तू अंबाडीचा वाख कापून घातलास. जुन्या गिलाव्यातलं भाताचं तूस आपल्याकडं कुठलं, तर गव्हाचं भुसकट. तिसरा चौकोन तडकला. पूर्वी असतीस तर पुट्टी भरून मोकळी झाली असतीस. या वेळी तडा तसाच ठेवलास, शेजारी पेन्सिलीनं तारीख टाकलीस. मला वाटलं, झालं, पोरगी मास्तरीण झाली. दिवाळीत आलीस आणि त्याच तड्याच्या काठानं बाईच्या मानेची रेघ खाली आणलीस. तसली रेघ माझ्या हातून कधी उतरली नाही. बापाला हे लिहायला जड जातं, पण लिहिलं.

एक मात्र खटकलं. ती रेघ ओढताना तू दोनदा थांबलीस आणि ती तिथूनच का न्यायची ते मला समजावू लागलीस. दुसऱ्या वेळी ब्रशातला रंग वाळला. मी विचारलं नव्हतं. तुझे गाईड विचारतील, व्हायवात विचारतील, तेव्हा खुशाल सांग. ब्रश भिजलेला असताना गाईडनासुद्धा ओसरीवर बसव. खांदा अजून काढायचाय, आणि तू म्हणे चौथं प्रकरण त्याच्यावर आधीच लिहायला घेतलंस. खांदा कसा येईल ते तुला काय माहीत?

अंबाडीचा वाख एसटीनं पाठवलाय, दोन किलो. या खेपेचा बारीक सोललाय.

कोंबड्यांनी दुसऱ्या चौकोनाचा खालचा कोपरा उकरला. आई लिंपायला निघाली होती, मी हात लावू दिला नाही. शेजारी तारीख टाकून ठेवलीय.

तुझा,
बाबा