अक्षांश-रेखांश आधी मोसंबीवर

संपादक महोदय,

तिसरी-चौथीच्या मुलांना अक्षांश-रेखांश शिकवताना थेट भिंतीवरचा नकाशा दाखवला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. सपाट कागदावर आडव्या-उभ्या रेषा सारख्याच वाटतात. त्याऐवजी जालन्याची मोसंबी हातात द्या. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. स्केचपेनने मधोमध विषुववृत्त काढा, वर-खाली त्याला समांतर वर्तुळं; ही अक्षांशांची. ध्रुवाकडे ती लहान होत जातात, पण एकमेकांना भेटत नाहीत. देठापासून बुडापर्यंतच्या उभ्या रेषा, म्हणजे रेखांशांच्या, मात्र दोन्ही टोकांना मिळतात. मुलांना स्वतः बोट फिरवू द्या.

मग अंगणात चला. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास एक मीटर काठी ओळंबा लावून रोवा. काठी कलली की माप चुकलंच. बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करा. सर्वांत आखूड सावली लातूरला सुमारे ३३ सेंटीमीटर, छत्रपती संभाजीनगरला ३६ भरते. हा अक्षांशाचा फरक. नांदेडला ती संभाजीनगरच्या सुमारे आठ मिनिटं आधी पडते, कारण रेखांशात दोन अंशांचं अंतर आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटं. दोन गावांच्या शाळांनी त्याच दिवशी फोनवरून मापं जुळवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक भूगोल शिक्षक, परभणी